पेसमेकर बसवताना ठोका थांबू शकतो, हे घरच्यांना आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे, जमलं तर पूर्ण छापा, नाही जमलं तर मधलं कापा पण बॅटरी बदलण्याबद्दल शेवटी जे लिहिलंय ते ठेवा. तुमच्या पेपरात हृदयाबद्दल छापून येतं ते बहुतेक ब्लॉकेज, स्टेंट, बायपास असंच असतं. पेसमेकरबद्दल आलंच तर 'छोटीशी प्रोसिजर, दोन दिवसात घरी' एवढंच येतं. ते खोटं नाहीये, बहुतेकांचं तसंच होतं. पण पेसमेकरची तार हृदयात आत जात असताना हृदयाचा ताल बिघडू शकतो, कधी धडधडत सुटतं तर कधी चक्क थांबतं, हे कुणी आधी बोलत नाही आणि मग ज्यांच्या वाट्याला येतं त्यांची दाणादाण उडते. आमची उडाली होती.

माझ्या वडिलांना, अण्णांना, नऊ वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला. त्याआधी त्यांना अधूनमधून अंधारी यायची, दोनदा पडले, दुसऱ्यांदा कपाळाला टाके पडले. ईसीजीमध्ये डाव्या बाजूचा ब्लॉक होता, म्हणजे रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज नाही, ठोक्याच्या करंटचा डावीकडचा रस्ता बंद, तो म्हणे बरीच वर्षं असावा. २४ तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र, लावला त्यात मधेमधे पॉज, म्हणजे ठोक्यांत खंड, दिसले आणि ठरलं की पेसमेकर लागणार. आदल्या दिवशी फॉर्मवर सही घेतली. फॉर्मवर रक्तस्राव, इन्फेक्शन, फुप्फुसाला इजा वगैरे आणि त्यातच एक शब्द 'अतालता'. मी मराठी शाळेत शिकलेय, पण त्या क्षणी अतालता म्हणजे काय ते मला कळलं नाही आणि खरं सांगायचं तर विचारलंही नाही, कारण समोरचे म्हणाले किरकोळ असतं, तासाभराचं काम.

तासाभराने काय झालं तर कॅथलॅबचं, म्हणजे जिथे तार घालतात त्या खोलीचं, दार उघडून एक सिस्टर पळत बाहेर आल्या, दुसऱ्या खोलीतून काहीतरी घेऊन पळत आत गेल्या, दार पूर्ण मिटायच्या आत आतून कुणीतरी मोठ्याने 'कॅप्चर येतंय का, कॅप्चर बघा' असं ओरडलेलं ऐकू आलं. मी उठून उभी राहिले, भाऊ दाराशी गेला, त्याला 'थांबा हो बाहेर' एवढंच सांगितलं. त्यानंतर पंचवीस मिनिटं कुणी आलं नाही. ती पंचवीस मिनिटं मी इथे लिहू शकत नाही. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले झालं व्यवस्थित, मध्ये थोडं हार्ट थांबलं होतं पण आता ठीक आहे. हार्ट थांबलं होतं! भावाचा तोल गेला, तो त्यांच्यावर धावूनच गेला म्हटलं तरी चालेल, तुम्ही काहीतरी चुकवलंत, आम्हाला किरकोळ म्हणून सांगितलंत, असं बरंच बोलला. डॉक्टर काही न बोलता आत निघून गेले. मला वाटलं आता हे प्रकरण तक्रारीपर्यंत जाणार.

संध्याकाळी तेच डॉक्टर अण्णांच्या कॉटपाशी आले, हातात गुंडाळी केलेला कागद होता. मॉनिटरची पट्टी. त्यांनी ती पलंगावर सोडली आणि भावाला म्हणाले, या, हे बघा. ही पट्टी मी अजून जपून ठेवलीय म्हणून नीट सांगू शकते. सुरुवातीला अण्णांचे नेहमीचे रुंद ठोके. मग मध्येच तीनचार वेडेवाकडे, उंच, घाईघाईत आलेले ठोके. मग पुन्हा दोन नेहमीचे. आणि मग सरळ रेघ. पण नीट बघितलं तर ती पूर्ण सरळ नाहीये, तिच्यावर ठराविक अंतराने बारीक बारीक उंचवटे आहेत, दर चार मोठ्या चौकोनांनी एक. एक मोठा चौकोन म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, पाच चौकोनांचा एक सेकंद. मी मोजले, चाळीस चौकोन. आठ सेकंद. त्या आठ सेकंदात असे दहा उंचवटे आहेत आणि एकही ठोका नाही.

डॉक्टर म्हणाले ते उंचवटे म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, ते आपलं काम करतच होते, इशारा सोडत होते, पण तो इशारा खाली पोचत नव्हता. मग त्यांनी कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं. वर उजव्या कप्प्यात एक गाठ असते तिथून ठोक्याचा करंट निघतो, मध्ये दुसऱ्या गाठीपाशी क्षणभर थांबतो, तिथून खाली एक रस्ता जातो आणि त्याला दोन फाटे फुटतात, एक उजव्या बाजूला एक डाव्या. अण्णांचा डावा फाटा आधीच बंद. म्हणजे सगळी मदार उजव्या फाट्यावर. आणि पेसमेकरची तार कुठून जाते, तर गळ्याखालच्या हाडाच्या खालच्या शिरेतून वरच्या उजव्या कप्प्यात, तिथून झडपेतून खालच्या उजव्या कप्प्यात, आणि बरोबर तिथे तो उजवा फाटा अगदी पृष्ठभागाला लागून असतो. तारेचं टोक त्याला घासलं तरी तो काही वेळ बधीर होतो. ज्याचे दोन्ही फाटे चांगले त्याला काही होत नाही, कळतही नाही. ज्याचा डावा आधीच गेलेला त्याचा पूर्ण ब्लॉक होतो. ठोका पडायला करंटच नाही. बऱ्याचदा हा फाटा काही तासात नाहीतर एकदोन दिवसात परत चालू होतो, पण ते मिनिट काढायचं कसं हा प्रश्न असतो.

आणि ते मिनिट त्यांनी काढलं, कारण डावा ब्लॉक आहे हे माहीत असल्याने त्यांनी सुरुवात करायच्या आधीच अण्णांच्या छातीवर आणि पाठीवर मोठे पॅड चिकटवून ठेवले होते. बाहेरून पेसिंग देणारे, म्हणजे करंट देऊन ठोका पाडणारे पॅड. रेघ सरळ झाल्याबरोबर ते चालू केलं. अ‍ॅट्रोपिन हे ठोके वाढवायचं औषधही दिलं पण ते म्हणाले ब्लॉक एवढा खाली असला की त्याचा फारसा उपयोग होत नाही. पट्टीवर पुढे दिसतं ते, उंच सुया आणि प्रत्येक सुईमागे एक रुंद ठोका. ते ओरडणं त्याचसाठी होतं, सुई दिसते पण तिच्यामागे हृदय खरंच आकुंचन पावतंय का ते बघा. सुई आली आणि ठोका आला तर कॅप्चर, सुई आली आणि ठोका नाही तर नुसताच करंट वाया. अण्णांना त्यातलं इतकंच आठवतं की वरचे दिवे लांब लांब गेले आणि मग कुणीतरी छातीवर ठराविक वेळाने बुक्की मारतंय असं वाटलं. पॅडने पेसिंग करताना छातीचे स्नायूही उडतात, दुखतं ते. तीनचार मिनिटात तार जागेवर लागली, तिच्यातून पेसिंग सुरू झालं, पॅड बंद केले.

म्हणजे ज्याला आम्ही चूक समजून भांडत होतो ती प्रत्यक्षात तयारी होती. भावाने दुसऱ्या दिवशी माफी मागितली. डॉक्टरांनी ती मनावर घेतली नव्हती. पण मला तेव्हापासून एक गोष्ट सतत खुपते की हेच चित्र, हाच कागद, हीच दोन मिनिटं आदल्या दिवशी दिली असती तर? 'तुमच्या वडिलांचा डावा ब्लॉक आहे, तार जाताना उजव्याला धक्का लागला तर हृदय काही सेकंद थांबू शकतं, त्यासाठी आम्ही पॅड लावून ठेवणार आहोत, गरज पडली तर मांडीच्या शिरेतून टीपीआय म्हणजे तात्पुरती तार घालू.' एवढंच. एवढं वाक्य ऐकलं असतं तर ती पंचवीस मिनिटं आम्ही घाबरून काढली असती हे खरं, पण संशयाने काढली नसती. त्यात फार फरक आहे.

त्यानंतर मी जिथे मिळेल तिथे याबद्दल वाचत गेले, विचारत गेले, आणि कळलं की अण्णांचा प्रकार हा अनेकांपैकी एक. सगळ्यात जास्त दिसतात ते पट्टीवरच्या सुरुवातीच्या वेड्यावाकड्या ठोक्यांसारखे. तारेचं टोक आतल्या भिंतीला टेकलं की हृदय दचकतं आणि एखाददुसरा जादा ठोका टाकतं. कधी असे ठोके लागोपाठ येतात, त्याला तिथले सगळे व्हीटी म्हणतात, तार जरा मागे घेतली की बहुतेक वेळा थांबते. ज्याचं हृदय आधीच कमजोर आहे, जुन्या अटॅकचा व्रण आहे, किंवा पोटॅशियम कमी आहे, त्याची कधीकधी थांबत नाही आणि क्वचित व्हीएफपर्यंत जाते, म्हणजे हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही. त्याला शॉकच द्यावा लागतो. बाहेर रस्त्यावर असं झालं तर शॉक मिळायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते असं सांगतात. कॅथलॅबमध्ये पॅड आधीच लावलेले असतील तर काही सेकंदात शॉक देता येतो. म्हणून ते पॅड आधी लावणं, पोटॅशियमचा रिपोर्ट आधी बघणं, या दिसायला साध्या गोष्टींना एवढं महत्त्व.

वरच्या कप्प्यात तार लावताना तिथलाही ताल बिघडतो, एएफ सुरू होतं, ठोके अनियमित पडायला लागतात. ते बहुतेक आपोआप जातं, नाही गेलं तर औषध किंवा शॉक. शांत दिसलं तरी ते जास्त काळ राहिलं तर आत गुठळी होऊन लकव्याची भीती असते म्हणून नंतर त्यावर लक्ष ठेवावं लागतं. आणि ज्यांचं हृदय बरेच दिवस फारच हळू चालत होतं त्यांच्यात आणखी एक असतं, दोन ठोक्यांमधल्या लांब पॉजमुळेच एक विचित्र वेगवान ताल सुरू होतो, त्यावर उपाय म्हणजे मॅग्नेशियम आणि उलट हृदय जरा जोरात पळवणं. हळू चालणाऱ्या हृदयाचा धोका फक्त थांबण्याचा नसतो, हे मला फार उशिरा समजलं.

अण्णांच्या शेजारच्या कॉटवर एक काका होते, त्यांना आयसीडी बसवली होती, म्हणजे गरज पडली की आतूनच शॉक देणारी. ती बसवताना त्यांची व्हीटी सुरू झाली होती, शॉक द्यावा लागला, त्यांना औषधाच्या गुंगीत काही कळलं नाही. त्यांच्या सूनबाईंना मात्र आधी सगळं सांगून ठेवलं होतं, त्या अगदी शांतपणे मला म्हणाल्या, 'हो, बोलले होते ते असं होऊ शकेल म्हणून.' मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्याच हॉस्पिटलमध्ये, त्याच मजल्यावर एका कुटुंबाला सांगितलं जातं आणि एकाला नाही. म्हणजे हे पद्धतीवर नाही, त्या दिवशी कोण बोलायला आलं त्यावर अवलंबून. पूर्वी तर आयसीडी बसवली की टेबलावरच मुद्दाम व्हीएफ घडवून मशीन शॉक देते का ते बघायचे. २०१५ साली अडीच हजार पेशंटचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात असं न तपासलेल्यांचंही काही वाईट झालं नाही असं दिसलं, त्यानंतर शिरेतून तार घातलेल्या आयसीडीत ते नेहमीसाठी करणं बरंच कमी झालं.

डॉक्टर लोक म्हणतात आधी सांगितलं तर पेशंट घाबरतो, घाबरला की बीपी पडतं, ठोके आणखी हळू होतात. यात तथ्य आहे, भीतीने आणि दुखण्याने तसं होतं, मी नाकारत नाही. पण मग पेशंटला बेताने सांगा आणि घरच्यांना नीट सांगा. अण्णांसारखा माणूस तर उलट सांगितल्यावरच शांत होतो. आणि फॉर्मवर 'अतालता' लिहून सही घेणं याला सांगणं म्हणत नाहीत. तो शब्द चुकीचा नाहीये, पण कॉटवर बसलेल्या माणसाला तो पोचत नाही. 'ठोका थांबू शकतो, किंवा फार जोरात पळू शकतो' हे पोचतं.

दुसरी बाजूही लिहिते, कारण आपल्या लोकांचंही चुकतं. काहीही बिघडलं की निष्काळजीपणा, असं आपण धरूनच चालतो. मी स्वतः त्या रांगेत होते. तार हृदयाला लागणार, हृदय त्यावर काहीतरी करणार, हे कितीही निष्णात हात असला तरी पूर्ण टाळता येत नाही. निष्काळजीपणा शोधायचाच तर वेगळीकडे शोधावा. डावा ब्लॉक माहीत असून पॅड लावले नव्हते का, मॉनिटरकडे बघायला कुणी होतं का, बिघडल्यावर किती वेळात हालचाल झाली, आणि नंतर घरच्यांपासून लपवलं का. यातलं काही असेल तर जरूर भांडा.

आता बॅटरीचं, ज्यासाठी खरं म्हणजे पत्र लिहायला बसले.

मागच्या आठवड्यात अण्णांचं चेकिंग होतं. बॅटरी बदलायची वेळ आलीय. नातेवाईकांमध्ये सगळे म्हणतात, आता काय, जुनी काढायची नवी लावायची, तार तर आहेच आत. मलाही तसंच वाटत होतं. चेकिंगला टेक्निशियन ताई होत्या, त्यांनी छातीवर पेसमेकर तपासायच्या यंत्राचं डोकं ठेवून पेसिंगचा रेट हळूहळू खाली आणला, अण्णांचा स्वतःचा ठोका येतो का बघायला. साठवरून पन्नास, पन्नासवरून चाळीस. आला नाही. तीस केला. तरी नाही. अण्णांनी टेबलाची कड घट्ट धरली, चेहरा पांढरा पडला, म्हणाले, 'अगं, अंधारी येतेय.' ताईंनी लगेच परत साठवर नेला. पाचसहा सेकंदांची गोष्ट. म्हणजे या नऊ वर्षांत तो उजवा फाटाही गेलाय आणि अण्णा आता शंभर टक्के मशीनवर आहेत.

अशा माणसाची बॅटरी बदलताना काय होतं याचा विचार करा. बॅटरी मशीनच्या आतच असते म्हणून अख्खं मशीनच बदलतात. जुन्या मशीनमधून तार सोडवली की नवीन मशीनमध्ये घालून स्क्रू घट्ट होईपर्यंत आतून पेसिंग देणारं कुणी नाही. शिवाय मशीन ठेवलेला कातडीखालचा खिसा उघडताना रक्त थांबवायला कॉटरी, म्हणजे करंटने डागणारं यंत्र, वापरतात, तिचा करंट पेसमेकरला हृदयाचा ठोकाच वाटू शकतो, मग तो 'ठोका आलाय की, मी कशाला देऊ' असं समजून गप्प बसतो. गप्प बसला की अण्णांची परत सरळ रेघ. यावर उपाय आहेत, सगळे माहीत असलेले आहेत. मशीन आधीच अशा मोडवर टाकायचं की ते आजूबाजूचं काही न ऐकता ठराविक रेटने ठोके देत राहील, किंवा लोहचुंबक ठेवायचा, त्याने बहुतेक पेसमेकर तसंच वागतात. इथे एक महत्त्वाचं, आयसीडीवर चुंबक ठेवला तर शॉक देणं तेवढं थांबतं, पेसिंगचं वागणं बदलत नाही, म्हणून आयसीडीवाल्यांचा हिशोब वेगळा. शिवाय बॅटरी अगदी संपत आली की काही मशीन्स आपोआप मोड बदलतात, त्यामुळे चुंबकाच्या भरवशावर न राहता आधी तपासून घ्यावं लागतं. कॉटरी थोडी थोडी, क्षणभर क्षणभर वापरायची. आणि तार जुन्या मशीनमधून नव्यात घालायच्या वेळी एकतर टीपीआय तयार किंवा पॅड तयार, किंवा ती तार लगेच बाहेरच्या पेसिंग यंत्राला जोडायची.

हे सगळं मी एका कागदावर लिहून नेलं होतं आणि डॉक्टरांना एकेक विचारलं. हे डॉक्टर नवीन आहेत, तरुण आहेत. मला वाटलं वैतागतील. वैतागले नाहीत. त्यांनी सांगितलं की हल्ली पेसिंग थेट ठोक्याचा करंट खाली नेणाऱ्या त्या रस्त्यातच किंवा डाव्या फाट्याजवळ स्क्रू करून देण्याची पद्धत वाढतेय, म्हणजे दोन्ही बाजू एकदम आकुंचन पावतात. याची सुरुवात डॉ. प्रमोद देशमुख यांनी २००० साली छापलेल्या कामातून झाली, त्यांनी कायमचा पेसमेकर थेट त्या मुख्य रस्त्याला लावून दाखवला. मराठी नाव ऐकून अण्णा उठूनच बसले. मग डॉक्टरांनी त्यांना त्या स्वीडनच्या पेशंटची गोष्ट सांगितली, आर्ने लार्सन, ज्यांना १९५८ साली जगातला पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर मिळाला. पहिलं मशीन काही तासच चाललं. त्यांना आयुष्यभरात २६ मशीन लागले आणि ते २००१ साली ८६व्या वर्षी गेले, तेही हृदयामुळे नाही. अण्णा म्हणाले, 'मग माझं तर हे दुसरंच.'

माझी संपादक साहेब तुमच्याकडे आणि तुमच्यामार्फत हॉस्पिटलांकडे एवढीच मागणी आहे की हे बोलणं पेशंटच्या मुलीने कागद घेऊन गेल्यावर होऊ नये, ते नेहमीचंच असावं. फॉर्मवर एक साधं मराठी वाक्य छापा. आत काही झालं तर एका माणसाने, कुणीही असो, दार उघडून बाहेर येऊन एवढं सांगावं की 'ताल बिघडलाय, पेसिंग चालू केलंय, पेशंट आहे.' आत प्रत्येक हात गुंतलेला असतो हे मला कळतं, पण हे सांगायला अर्धा मिनिट लागतो. आणि नंतर त्या पट्टीची एक प्रत फाइलला लावून द्या, पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असतील तर त्यांना हा माणूस मागच्या वेळी कुठे थांबला होता ते दिसेल. आमच्याकडे ती पट्टी होती म्हणून या डॉक्टरांनी ती उलगडून बघितली, शेवटपर्यंत, आणि म्हणाले बरं झालं आणलीत.

निघताना अण्णा त्यांना म्हणाले, मला काही झालं तर मला कळणार नाही, पण ही बाहेर बसलेली असेल तिला लगेच सांगा. डॉक्टरांनी फाइल परत उघडली आणि पहिल्याच पानावर वरच्या बाजूला पेनाने लिहिलं, 'पेसिंगवर पूर्ण अवलंबून. पॅड आधी लावणे. मुलगी बाहेर आहे, काही बदल झाल्यास लगेच कळवणे.' खाली सही केली.

पुढच्या मंगळवारी सकाळी आठला बोलावलंय.

आपली,
एक वाचक